पोलीस निघून गेल्यावर कॅमेरा कोणाच्या घरात थांबतो

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचायला येणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या फिल्म क्लबमध्ये स्कँडिनेव्हियन क्राइमचा महिना ठरलाय, त्यासाठी तुम्ही 'द किलिंग', 'द ब्रिज' आणि 'डिपार्टमेंट क्यू'चे सिनेमे बघून काढलेत. तुमचं म्हणणं असं, की बायका जबरदस्त दाखवल्यात, पण गोरे नसलेले लोक एकतर सस्पेक्ट असतात नाहीतर बिचारे बळी, आणि शेवटी खुनी भलताच निघतो. तिकडं खरंच असं आहे का, की या लोकांना दाखवायचंच नाहीये कोणाला? आणि हे नीट जमलंय असे पाच सिनेमे सुचवा.

मी स्वीडनमधल्या माल्मो शहरात राहते आणि गेली चौदा वर्षं स्वीडिश आणि डॅनिश सिनेमा-सिरीयलींचं सबटायटलिंग करते. त्यात अर्ध्याहून जास्त माल क्राइमचाच असतो, कारण बाहेरच्या देशांत सगळ्यात जास्त तेच विकलं जातं. सबटायटल करणारा माणूस एकेक सीन पाचपाच सहासहा वेळा बघतो, त्यामुळे कोणाला वाक्य पूर्ण करू दिलंय, कोणाला मध्येच कापलंय, कोण नुसताच पाठीमागं उभा आहे हे सगळं डोक्यात बसतं. जे लिहितेय ते त्या अनुभवातून, समीक्षक म्हणून नाही.

आधी आकड्यांचं उरकून घेऊ. स्वीडनमध्ये आज साधारण पाचातला एक माणूस परदेशात जन्मलेला आहे, आणि माल्मोत तर तिघांतला एक. 'द ब्रिज' २०११ मध्ये आली तेव्हा मी रोज ज्या बसने जायचे ती बस आणि पडद्यावरचं माल्मो ही दोन वेगळी शहरं वाटायची. बसमध्ये अरबी, बोस्नियन, सोमाली, दारी कानावर पडायचं आणि पडद्यावर काय तर राखाडी आकाश, रिकामे रस्ते, काचेची घरं. तर हो, दाखवत नव्हते, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण आता तसं राहिलेलं नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत चेहरे भरपूर वाढलेत, नेटफ्लिक्सवरच्या स्वीडिश गँग सिरीज बघा, बहुतेक सगळे कलाकार स्थलांतरितांच्या घरातले. म्हणून नुसती डोकी मोजली तर तुम्ही म्हणाल प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही.

मी वापरते ती कसोटी साधी आहे. क्राइम सिनेमात पोलीस कोणाच्या तरी घरी जातात, प्रश्न विचारतात आणि निघतात. ते निघाल्यावर कॅमेरा पोलिसांबरोबर जिना उतरतो, की त्या घरात मागं थांबतो? थांबत असेल तर ते घर माणसांचं आहे, आणि प्रत्येक वेळी पोलिसांबरोबर खाली उतरत असेल तर ते घर म्हणजे नुसता एक क्लू.

'द किलिंग'चंच घ्या (डॅनिश नाव 'फॉरब्रुडेल्सन', २००७, पहिल्या सीझनचे वीस एपिसोड). त्यात मेलेल्या मुलीच्या आईबापांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा इतका वेळ थांबतो, की मला त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या पाठ झाल्यात. क्राइम सिरीयलमध्ये खून झालेल्या घराचं दुःख इतकं सावकाश कोणी दाखवलं नव्हतं आणि त्याबद्दल ती सिरीयल मोठीच आहे. आता त्यातला शाळामास्तर रामा आठवा, फर्शाद खोल्घीने केलेला. मुलीचा शिक्षक, अरब घरातला, बायको गरोदर. काही एपिसोड सगळा संशय त्याच्याकडं फिरतो, मुलीच्या घरचे त्याला उचलून नेतात, त्याला मार पडतो, आणि मग कळतं की तो गप्प बसला होता ते दुसऱ्या एका मुलीला वाचवण्यासाठी. म्हणजे लिहिणाऱ्यांची नियत स्वच्छ आहे, बघणाऱ्याच्या मनातला संशय त्यांना त्याच्याच पदरात टाकायचाय. पण रामाचं काम संपलं की रामाही संपला. मार खाल्ल्यावर त्या घरात रात्री काय झालं, बायको काय बोलली, सोमवारी तो वर्गात कसा गेला, यातलं काहीच आपल्याला बघायला मिळत नाही, कारण गोष्ट पुढच्या सस्पेक्टकडं गेलेली असते. तुम्हाला जे खटकलंय ते माझ्या मते नेमकं हेच, 'खोटा संशयित' ही स्थलांतरित पात्राची जवळजवळ कायमची नोकरी होऊन बसलीय. निर्दोष म्हणून सुटतो आणि स्क्रिप्टमधूनही सुटतो.

हे कुठून आलं ते बघायला थोडं मागं जावं लागेल. स्वीडनमध्ये माय शेवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेक या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघं डावे, खुनाच्या निमित्ताने कल्याणकारी राज्य उलगडून दाखवायचं हा त्यांचा उघड हेतू. तिथून हा सगळा प्रकार 'आपल्या समाजाचं काय चुकलं' या प्रश्नावर उभा राहिला. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातल्या 'आपल्या' या शब्दात कोण येतं ते ठरूनच गेलं. नंतर १९९१ मध्ये हेनिंग मॅनकेलची वॉलँडर या पोलिसावरची पहिली कादंबरी आली. दक्षिण स्वीडनच्या स्कोने भागातल्या एका शेतावर म्हातारं जोडपं मारलं जातं, बाई मरताना एकच शब्द बोलते, 'परदेशी'. तो शब्द बाहेर फुटतो आणि निर्वासितांवर हल्ले सुरू होतात. मॅनकेलला स्वीडिश माणसाच्या आतली भीतीच दाखवायची होती आणि ती त्याने दाखवली. पण आराखडा बघा ना, निर्वासित हा गोऱ्या पोलिसाच्या सदसद्विवेकाची परीक्षा घेणारा पेपर झाला. नंतरच्या तीस वर्षांत हाच आराखडा किती जणांनी उचलला त्याची मोजदाद नाही.

'द ब्रिज'मध्येही तेच. पहिल्या सीझनचा खुनी समाजाचे पाच प्रश्न मांडतो, कायद्यापुढची असमानता, बेघर, मनोरुग्ण, स्थलांतरितांना सामावून न घेणं आणि बालमजुरी. पाचातला एक आख्खा प्रश्न स्थलांतरितांचा, पण त्या सीझनमध्ये स्थलांतरित माणूस म्हणून कोण लक्षात राहतं सांगा? शेवटच्या सीझनला, २०१८ मध्ये, सुरुवातच कोपनहेगनच्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुख बाईंच्या खुनाने होते आणि पहिल्या संशयितांमध्ये एक समलिंगी इराणी माणूस असतो, ज्याला देशाबाहेर काढायचा निर्णय झालाय. विषय किती भारी, आणि माणूस परत त्याच संशयिताच्या खुर्चीत.

इथं एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली असणार आणि त्यात तुमचा काही दोष नाही, तो सबटायटलांचा आहे. 'द ब्रिज' इथल्या माणसासाठी मुळातच दोन वेगळ्या लोकांची गोष्ट आहे. सागा ही माल्मोची पोलीस, ती स्वीडिश बोलते, मार्टिन कोपनहेगनचा पोलीस, तो डॅनिश, आणि ते एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत राहतात. खऱ्या आयुष्यात ते इतकं सोपं जात नाही, ऑफिसात मी बघते ना, तिसऱ्या वाक्याला कोणीतरी 'काय म्हणालास?' म्हणतंच. पडद्यावर खाली सगळं एकाच भाषेत येतं आणि तो सगळा खेळ सपाट होऊन जातो. मालवणी, वऱ्हाडी आणि पुणेरी बोलणारी तीन पात्रं एका सीनमध्ये आहेत आणि खाली एकसारखं इंग्रजी येतंय, असं समजा. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला 'सगळे गोरे, सगळे सारखे' वाटतात तेव्हा त्यातला काही भाग अनुवादात हरवलेला असतो.

आणि भाषेचा विषय निघालाच आहे तर यावर जरा थांबते, कारण माझा जीव यातच अडकलाय. स्टॉकहोमच्या रिंकेबी उपनगरावरून एका बोलीला नावच पडलं, रिंकेबी-स्वीडिश. तुर्की, अरबी, कुर्दिश शब्द, वाक्यातल्या शब्दांचा क्रम वेगळा, ठेका वेगळा. पोलिसांना 'आयना' म्हणतात, तो तुर्कीतून आला. वाईट, भंगार याला 'केफ', मुलीला 'गुस', आणि हे दोन्ही शब्द २००६ मध्ये स्वीडिश अकादमीच्या अधिकृत शब्दसूचीत आले, म्हणजे ती आता स्वीडिशच. सिनेमात कोणता लेखक हे शब्द कानाने उचलतो आणि कोणता यादी समोर ठेवून पेरतो ते दोन मिनिटांत कळतं. पेरणारा प्रत्येक वाक्याला 'वल्ला' (अरबीतलं 'देवाशप्पथ') लावतो. खरी पोरं आईशी बोलताना वेगळं बोलतात, मित्रांशी वेगळं, सोशल वर्करशी एकदम पुस्तकी. ज्या पात्राला एकाच सिनेमात दोन-तीन तऱ्हेने बोलता येतं ते पात्र कोणीतरी मन लावून लिहिलेलं असतं.

एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका क्राइम सिनेमाचं काम आलं, नाव सांगत नाही. स्क्रिप्टमध्ये सगळे स्वीडिश संवाद टाइमकोडसकट नीट टाइप केलेले, आणि एका जागी नुसतं 'अरबीत बोलतो' एवढंच. सीन असा, रात्रीचं पार्किंग, दोन तरुण, एक जण फोनवर अरबीत बोलतोय, खालून धडधड संगीत, पोलीस लांबून गाडीतून बघतायत. बघणाऱ्याला वाटावं आता काहीतरी भयंकर होणार. सूचना होती की सबटायटलमध्येही तेवढंच लिहा, 'अरबीत बोलतो'. मला राहवेना. आमच्या बिल्डिंगखाली एका इराकी काकांचं किराणा दुकान आहे, लॅपटॉप घेऊन खाली गेले आणि काउंटरवर ठेवून त्यांना तो सीन ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकलं, मग म्हणाले, हा म्हणतोय गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढं लावलीय, लवकर खाली ये, लोक चिडतायत. बस एवढंच. त्या नटाने सेटवर जे सुचलं ते बोलून टाकलं असणार, कारण कोणी लिहूनच दिलं नव्हतं. मी ते वाक्य भाषांतर करून पाठवलं, ते त्यांनी काढून टाकलं आणि परत 'अरबीत बोलतो' केलं, कारण म्हणे सीनचं टेन्शन जातं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. आपली भाषा हॉलीवूडच्या सिनेमात अशी 'हिंदीत ओरडतो' म्हणून आली की आपल्याला कसं वाटतं ते आठवा. तेव्हापासून कुठल्याही सिनेमाबद्दल मी आधी हेच बघते, की बाहेरच्या भाषेतल्या वाक्यांना खाली अर्थ दिलाय की नाही.

आता असाद. 'डिपार्टमेंट क्यू'चे तुम्ही बघितलेले सिनेमे २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ चे असणार, निकोलाय ली कॉसचा कार्ल मोर्क आणि फारेस फारेसचा असाद. युसी अडलर-ओल्सनच्या कादंबऱ्यांत असाद तळघरात झाडलोट आणि ड्रायव्हिंग करायला आलेला माणूस म्हणून सुरू होतो, उंटांच्या म्हणी सांगतो, विनोदी आहे, त्याचं पूर्वायुष्य गूढ ठेवलंय. सिनेमावाल्यांनी त्याला थेट पोलीस केला, विनोद काढला आणि जवळजवळ सगळी माणुसकी त्याच्याकडं दिली. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. काही जण म्हणतात की हा 'चांगला मुसलमान' आहे, चिडक्या गोऱ्या पोलिसाला माणसात आणायला ठेवलेला. त्यात तथ्य आहे, पहिल्या दोन सिनेमांत तर बरंच. पण तिसऱ्या सिनेमात (बाटलीतल्या चिठ्ठीचा तो, २०१६) दोघं गाडीत देवावर बोलतात. कार्लला श्रद्धा म्हणजे मूर्खपणा वाटतो आणि असाद त्याला शांतपणे पण न हटता उत्तर देतो. डॅनिश सिनेमात मुस्लिम पात्र आपल्या श्रद्धेबद्दल बोलतंय आणि त्यात ना दहशतवाद ना जबरदस्तीचं लग्न, हे मी तोवर फारसं बघितलंच नव्हतं.

आणि मग चौथा, 'जर्नल ६४'. डेन्मार्कमध्ये स्प्रोगो नावाच्या बेटावर १९२३ ते १९६१ अशी संस्था होती जिथं 'बदचाल' ठरवलेल्या बायकांना डांबून ठेवायचे, कित्येकींची नसबंदी केली. हे खरं घडलेलं आहे. सिनेमा तो इतिहास उचलतो आणि विचारतो, हीच मनोवृत्ती आज कोणाच्या अंगावर जाईल? उत्तर येतं, स्थलांतरितांच्या मुलींच्या. आणि त्यातली एक मुलगी असादच्या ओळखीच्या दुकानात काम करणारी निघते. म्हणजे जुन्या पापाचा धागा गोऱ्या डॅनिश बायकांपासून थेट आजच्या नॉरेब्रोपर्यंत (कोपनहेगनमधली स्थलांतरितांची वस्ती) आणून बांधलाय. या वेळी तपासाचा अर्थ कार्लपेक्षा असादला जास्त कळतो, कारण हे त्याच्या गल्लीत चाललंय. तुमच्या पाचात हा घ्याच.

फारेस फारेसबद्दल थोडं. लेबनॉनमध्ये जन्म, लहानपणीच घर स्वीडनला आलं, डॅनिश त्याला या रोलसाठी शिकावी लागली. त्याचा भाऊ योसेफ फारेसने २००३ मध्ये 'कॉप्स' नावाची कॉमेडी केली होती, एका छोट्या गावात गुन्हेच होत नाहीत म्हणून पोलीस स्टेशन बंद करायला निघतात आणि मग पोलीसच गुन्हे करायला लागतात. फारेस त्यात पोलीस आहे आणि तो बाहेरचा आहे यावर सिनेमा उभा नाही, प्रेमात पडलेला, घाबरट, गावातला एक पोलीस एवढंच. (हा योसेफ फारेस पुढं सिनेमा सोडून व्हिडिओ गेम करायला लागला, तुमच्यापैकी काहींनी त्याचा 'इट टेक्स टू' खेळला असेल.)

आता गुन्हेगारांच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टी, कारण माझ्या मते सगळ्यात चांगलं काम तिथं झालंय. हे ऐकायला उलटं वाटेल, स्थलांतरित गुन्हेगार दाखवणं हाच तर आक्षेप आहे ना? पण माझी कसोटी लावून बघा. निकोलस विंडिंग रेफनचा पहिला 'पुशर' १९९६ चा. त्यात मिलो नावाचा सर्ब ड्रग डीलर आहे, झ्लात्को बुरिचने केलेला. बुरिच मूळचा क्रोएशियातला, १९८१ मध्ये डेन्मार्कला आला. पहिल्या भागात मिलो म्हणजे गोड बोलून गळा दाबणारा परदेशी गुंड, आपल्या नायकाचा कर्दनकाळ. पण २००५ च्या तिसऱ्या भागात कॅमेरा आख्खा दिवस मिलोबरोबर राहतो. मुलीचा पंचविसावा वाढदिवस, सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक हा स्वतः करणार, ड्रग सोडायचे म्हणून मीटिंगला जाऊन बसतो, इकडं माल चुकीचा आलाय, तरुण पोरं त्याला जुमानत नाहीत, आणि मुलगी बापाकडूनच सौदा शिकलीय. थकलेला, म्हातारा होत चाललेला माणूस. त्याने पुढं जे केलं ते बघवत नाही, शेवटचा अर्धा तास खरंच भयानक आहे, क्लबमध्ये आधी सांगून ठेवा. पण तो परदेशी गुंड आता माणूस झालाय, त्याला स्वयंपाकघर मिळालंय. माझ्यासाठी या सगळ्या विषयातला हा सगळ्यात मोठा सिनेमा.

दुसरा 'आर', २०१०, तोबियास लिंडहोम आणि मिकाएल नोअर यांचा. हॉर्सन्सच्या बंद झालेल्या खऱ्या तुरुंगात शूट केलाय. रूने नावाचा गोरा पोरगा तुरुंगात येतो, राशिद नावाच्या मुस्लिम पोराशी मिळून माल इकडून तिकडं पोचवण्याची युक्ती काढतो. यापुढं जे लिहितेय त्यात सिनेमा फुटतो, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. मधेच कुठंतरी सिनेमा रूनेला सोडून राशिदच्या मागं जातो आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहतो. तेव्हा कळतं की नावातला 'आर' दोघांचा होता. त्या एका वळणात जे सांगितलंय ते दहा भाषणांत येत नाही, की तुम्ही इतका वेळ ज्याला साइड कॅरेक्टर समजत होता त्याचीही आख्खी गोष्ट चालूच होती, फक्त तुम्ही तिकडं बघत नव्हता.

स्वीडनमध्ये २०१० चा 'स्नाबा कॅश' आला, दानिएल एस्पिनोसाचा. तो स्वतः चिलीहून आलेल्या घरातला. होर्गे, म्रादो आणि जेडब्ल्यू अशी तीन टोकांची माणसं, आणि त्यात सगळ्यात खोटा कोण तर श्रीमंतांत मिसळण्यासाठी स्वतःची ओळख लपवणारा गोरा पोरगा. वर्गाचा प्रश्न आणि वंशाचा प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेत हे त्यात चांगलं आलंय. २०२१ ची त्याच नावाची नेटफ्लिक्स सिरीज एविन अहमदने केलेल्या लेयाची आहे, एकटी आई, तिला स्टार्टअप उभं करायचंय. भाषा एकदम कानातली. पण सीझन जसे पुढं जातात तशी गोळीबाराची भूक वाढत जाते आणि मला भीती वाटते की अशा दहा सिरीज आल्यावर स्थलांतरित नटाला 'ऑडिशनला ये आणि बंदूक धर' एवढंच उरेल. स्वीडनमधली गँगची हिंसा खरी आहे, माझ्या शहरातही ती आहे, ती दाखवू नका असं मी म्हणणार नाही. त्याच उपनगरात पहाटे पाचला हॉस्पिटलच्या शिफ्टला निघणारी बाईही आहे, ती मला पडद्यावर फार कमी दिसते.

नॉर्वेचं वेगळं आहे. ओस्लोत पाकिस्तानी पंजाबी लोकांची मोठी वस्ती, बरीचशी गुजरात जिल्ह्यातल्या खारियांच्या आसपासची (आपलं गुजरात नाही, पाकिस्तानी पंजाबातला जिल्हा). उल्रिक इम्तियाज रोल्फसेनने २००५ मध्ये ओस्लोच्या पाकिस्तानी गँगवर सिनेमा केला, नाव 'इज्जत'. तो मी पहिल्यांदा नॉर्वेजियन मित्रांबरोबर बघितला, आणि घरातले उर्दू-पंजाबी संवाद चालू असताना ते खाली वाचत होते आणि मी थेट ऐकत होते. बाप मुलाला ज्या सुरात बोलतो तो सूर सबटायटलमध्ये कसा येणार? आपल्या प्रेक्षकांना इथं इतरांपेक्षा जास्त कळेल, मिळाला तर नक्की लावा.

'शोर्ता', २०२०, डॅनिश. अरबीत शोर्ता म्हणजे पोलीस. पोलिसांच्या ताब्यात तालिब नावाचा पोरगा दगावतो, वस्ती पेटते आणि दोन गोरे पोलीस एका अटक केलेल्या पोराला घेऊन त्या वस्तीत अडकतात. संदर्भ कळायला हे माहीत पाहिजे की डेन्मार्क सरकार २०१० पासून वस्त्यांची अधिकृत 'घेटो' यादी काढत होतं, २०१८ च्या कायद्याने तर त्या वस्त्यांना वेगळे नियम लागले, आणि पाश्चिमात्य नसलेल्या मूळच्या लोकांचं प्रमाण निम्म्याहून जास्त असणं हा यादीत येण्याचा निकष. २०२१ मध्ये नाव बदलून 'समांतर समाज' केलं. सिनेमा ताकदीचा आहे, श्वास रोखायला लावतो. पण माझ्या कसोटीवर अर्धाच पास, कारण कॅमेरा पूर्ण वेळ पोलिसांना चिकटलेला आणि वस्ती म्हणजे चक्रव्यूह. जखमी पोलिसाला एका बाईच्या घरात आसरा मिळतो तेवढा वेळ सिनेमा एकदम वेगळा होतो, आणि मग परत बाहेर पळतो. यावर वाद छान होईल तुमच्याकडं, म्हणून यादीत ठेवते.

काही जणांनी तर या आराखड्यातून सरळ बाहेरच पाऊल टाकलं. तारिक सालेह, स्टॉकहोमचा, वडील इजिप्शियन. त्याचा २०१७ चा 'द नाइल हिल्टन इन्सिडेंट' कैरोत घडतो, २०११ च्या उठावाच्या तोंडावर. फारेस फारेस परत पोलीस, पण या वेळी लाच खाणारा. इजिप्तने शूटिंग करू दिलं नाही म्हणून कासाब्लांकात केलं. खुनाची साक्षीदार आहे हॉटेलात साफसफाई करणारी सुदानी मुलगी, म्हणजे तिथंही 'बाहेरचं' कोणीतरी आहेच आणि सिनेमा ते विसरत नाही. सनडान्सला वर्ल्ड सिनेमाचं सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि स्वीडनच्या गुल्डबॅग्गे पुरस्कारांत वर्षाचा सर्वोत्तम सिनेमाही तोच ठरला. तसाच अली अब्बासी, जन्म इराणचा, काम डेन्मार्कमधून, 'होली स्पायडर' (२०२२) मशहदमधल्या वेश्यांच्या खुनांवर, जॉर्डनमध्ये शूट केलेला. झार आमीर इब्राहिमीला कानमध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि ऑस्करसाठी डेन्मार्कने हाच सिनेमा पाठवला. यांना स्कँडिनेव्हियन म्हणायचं का, असं इथंही विचारतात. माझं उत्तर हो. पैसा इथला, शिक्षण इथलं, आणि व्यवस्थेवर प्रश्न विचारायची सवयही याच परंपरेतली.

उत्तरेचं राहिलं, आणि ते बहुतेक जण विसरतात. विविधता म्हटलं की सगळे स्थलांतरितांबद्दल बोलतात, पण सामी लोक इथले मूळचे, आणि ग्रीनलँडचे इनुइट डेन्मार्कच्या राज्यातले. १९९७ मध्ये 'स्मिला' या डॅनिश कादंबरीवर सिनेमा आला, नायिका अर्धी ग्रीनलँडची, आणि रोल दिला जूलिया ऑरमंडला, इंग्लिश नटीला, सिनेमाही इंग्रजीत. २०१६ च्या 'मिडनाइट सन' सिरीजमध्ये उत्तर स्वीडनचं किरुना शहर, खाण, सामी, सगळं आहे, पण सामी संस्कृती बरीचशी गूढ वातावरणासाठी वापरलीय, ढोल आणि दंतकथा. त्याच्या समोर २०२४ चा 'स्टोल्ड' ठेवा, म्हणजे चोरी. दिग्दर्शक एल्ले मार्या एइरा स्वतः सामी. एल्सा नावाची लहान मुलगी तिच्या रेनडिअरच्या पिल्लाला कोणीतरी मारताना बघते, तो माणूस तिला धमकावतो, आणि पोलीस केस नोंदवतात ती 'चोरी' म्हणून. तक्रारीमागून तक्रारी, सगळ्या बंद. आपल्याकडं गावात एखाद्याची जनावरं मारली आणि ठाण्यात नुसतं नुकसान म्हणून लिहून घेतलं तर जे होईल तेच. गुन्ह्याला काय नाव द्यायचं हे कोण ठरवतं, हा आख्खा सिनेमाच त्यावर आहे. भाषा सामी आणि स्वीडिश, आणि माणूस कोणाशी कधी कोणती बोलतो ते बघत राहा.

बायकांबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते दिसलंच आहे. एवढंच सांगते की 'ड्रॅगन टॅटू'वाल्या सिनेमाचं मूळ स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं होतं, इंग्रजीत जाताना नाव गुन्हेगारांवरून मुलीच्या अंगावरच्या टॅटूवर गेलं. आणि सागा नोरेनच्या ऑटिझमला सिरीयल कधीच नाव देत नाही, त्यामुळे ती ऑटिझमचं उदाहरण न होता सागाच राहते. एखादं पात्र वेगळं आहे पण त्याचं वेगळेपण सोडवायचं कोडं नाही, हे त्यांना सागाच्या बाबतीत इतकं सुंदर जमलंय, की रामाच्या बाबतीत का नाही जमलं याची मला जास्त हळहळ वाटते.

तुमच्या पाचासाठी मी असा क्रम लावेन. पहिला 'शोर्ता', वेगवान आहे, सगळे बसून राहतील आणि भांडतील. मग 'जर्नल ६४', मग 'आर', चौथा 'स्टोल्ड' आणि शेवटी 'पुशर ३'. 'नाइल हिल्टन' सहावा म्हणून हाताशी ठेवा, पाचातला एखादा मिळाला नाही तर. प्रेक्षकांचं वय आणि हिंसा किती चालेल यावर बदल करावा लागेल, शाळा-कॉलेजची मुलं असतील तर 'आर' आणि 'पुशर' दोन्ही काढा आणि 'कॉप्स' लावा, मुलं हसतील आणि मुद्दाही पोचेल.

आणि एक काम सिनेमा लावायच्या आधी कराच. सबटायटलची फाइल आधी एकदा चालवून बघा, अरबी, सर्बियन, सामी संवादांना खाली अर्थ येतोय का ते तपासा. एकाच सिनेमाच्या दोन फाइली असतात आणि एकीत ही वाक्यं गायब असतात. 'पुशर ३' साठी तर विशेष बघा, मिलो स्वयंपाक करता करता कुठल्या क्षणी डॅनिश सोडून स्वतःच्या भाषेत जातो ते तुमच्या लोकांना कळलं पाहिजे. काही अडलं तर इथंच विचारा, कुठल्या फाइलमध्ये काय गाळलंय ते मी बघून सांगते.